लगतधारकास नोटीस

आयर्लंडहून परत आल्यापासून गडहिंग्लजच्या बाजारात जो भेटतो तो विचारतो, "काय काय बघितलंसा?" त्यांना किल्ले, समुद्राचे कडे, हिरवी कुरणं अशी यादी हवी असते. मी खरं ते सांगतो. म्हणतो, एक मोजणी करून आलो. लोक हसतात, कारण चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडातून निवृत्तीनंतरही मोजणी सुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मी चेष्टा करत नाही. जे घडलं ते नीट सांगायचं तर दुकानाच्या फळीवर बसून पाच मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

लेटरकेनी: ताटलीची ये-जा

आमची मुलगी अनघा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. गाव उताराउतारानं वसलेलं आहे आणि गाडीशिवाय तिथं माणसाला हातपाय नसल्यासारखं होतं. अनघा सकाळी सातला बाहेर पडली की मी आणि शालन, म्हणजे माझी बायको, घरात दोघंच. खिडकीतून बघावं तर पाऊस. बरं, पाऊस म्हणावा तर भिजत नाही आणि नाही म्हणावं तर वाळत घातलेली विजार दोन दिवस वाळत नाही. कुणाला विचारलं, आज हवा कशी आहे, तर तो म्हणणार, "ग्रँड." पाय मोडला तरी ग्रँड, लॉटरी लागली तरी ग्रँड. आठ दिवसांनी शालनसुद्धा फोनवर तिच्या बहिणीला "सगळं ग्रँड हाय बघ" म्हणू लागली.

शेजारी डॉरीन राहते. पंचाहत्तरीची विधवा बाई, ताठ मानेची, कमरेच्या दुखण्यानं जरा लंगडणारी. तिसऱ्या दिवशी ती एका ताटलीत घरचा सोडा-ब्रेड घेऊन आली. आता आलेली ताटली रिकामी परत पाठवायची नाही, हे शालनच्या रक्तातच आहे. तिनं खोबऱ्याच्या वड्या घालून ताटली परत दिली. डॉरीनच्या घरीही तोच नियम निघाला. तिनं रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा जॅम पाठवला. मग शालननं शेंगदाण्याचे लाडू. अशी ती ताटली आठ-दहा दिवस कुंपणावरून जा-ये करत राहिली. शेवटी अनघा म्हणाली, "आई, तुमच्यातली कुणीतरी एक थांबा, माझ्या प्रेसमध्ये आता जागा नाही." कपाटाला ते लोक प्रेस म्हणतात, आणि आमची लेकही आता तेच म्हणते.

या बाईचे उपकार मी विसरणार नाही. भाषा अर्धी कळायची, अर्धी नाही, पण परक्या देशात रोज दुपारी कुणीतरी दार वाजवून "आहात ना?" असं बघून जाणं, याला काय म्हणावं?

अनघानं आम्हाला आल्या आल्या एकच दम दिला होता. "बाबा, कुठंही फिरा, पण नॉर्थला जायचं नाही. तुमच्या व्हिशावर तिकडं चालत नाही." हे बेट दोन राज्यांत वाटलेलं आहे. मोठा भाग आयर्लंड, स्वतंत्र देश. उत्तरेचा एक तुकडा मात्र अजून ब्रिटनच्या संघात आहे. गंमत अशी, की लेटरकेनी नकाशात चांगलं उत्तरेला, आणि ज्याला 'नॉर्थ' म्हणतात तो त्याच्या पूर्वेला, गाडीनं अर्ध्या तासावर. मी तिला म्हणालो, "काळजी करू नको. नाका आला की मागं फिरेन." आमच्याकडं निपाणीकडं जाताना कोगनोळीचा नाका येतो, पाट्या बदलतात, अक्षर बदलतं, पोलीस उभे असतात. हद्द म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच होतं.

हॉलमधली सभा

एका संध्याकाळी डॉरीन म्हणाली, "सर्व्हेयर, तुम्हाला हद्दीचं वेड आहे ना? मग आज माझ्याबरोबर चला." गावातल्या एका हॉलमध्ये जाहीर चर्चा होती. विषय असा, की उत्तरेतल्या लोकांनी मत घेऊन ब्रिटनच्या संघातून बाहेर पडावं आणि इकडच्या आयर्लंडला येऊन मिळावं की नाही. मतदान ठरलेलं नाही, होईल की नाही तेही कुणाला ठाऊक नाही, पण बोलणं मात्र घरोघरी चालू आहे. सीमाप्रश्नावरच्या सभा मी लहानपणापासून ऐकलेल्या. मला वाटलं, घोषणा होतील, खुर्च्या उडतील. तिथं दारातच चहाची किटली आणि अंड्याचे सँडविच मांडलेले होते.

लोक मात्र मनापासून भांडले. एक मास्तरीण उठून म्हणाली, आमचं गाव शंभर वर्षं अर्ध्या अंगाचं होऊन बसलंय, बाजारपेठ तोडली, रेल्वे गेली, आता तरी जोडा. एक तरुण वकील म्हणाला, जोडा म्हणणं सोपं आहे, पण तिकडच्या ज्यांना नको आहे त्यांचं काय करणार? टाळ्या बहुतेक जोडण्याच्या बाजूनं पडत होत्या.

मग मागच्या रांगेतून एक उंच, लालसर चेहऱ्याचा म्हातारा उठला. हातात टोपी. म्हणाला, "मी पलीकडून आलोय. मेंढ्या पाळतो. युरोपच्या संघातून बाहेर पडायचं मतदान झालं तेव्हा मी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं. मला सांगितलं होतं, सगळं ग्रँड होईल. काय झालं ते माझ्या मेंढ्यांना विचारा. आता मी पुन्हा कुठूनही बाहेर पडणार नाही. ब्रिटनमधूनही नाही. जिथं आहे तिथं राहणार."

हॉलमध्ये थोडा हशा पिकला. माझ्या शेजारी डॉरीन ताडकन उठली, कमरेचं दुखणं विसरून. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. अध्यक्षांकडं बघून म्हणाली, "अध्यक्ष महाराज, त्या गृहस्थांना सांगा, की तेव्हा बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं नाही, आणि आता राहतानाही विचारत नाहीत."

तोही अध्यक्षांकडंच बघून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, त्या बाईंना सांगा, की मत माझं होतं."

"आणि आईची कबर दोघांची होती," डॉरीन म्हणाली आणि खाली बसली.

तो डॉरीनचा सख्खा धाकटा भाऊ होता, सॅम.

चहाच्या वेळी एक किटलीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. घरी जाताना गाडीत तिनं मला सगळं सांगितलं. माहेरचं शेत पलीकडं, तिथं सॅम राहतो. आईवडील पुरलेत तेही पलीकडं. लग्न होऊन ही अलीकडं आली. त्या मतदानानंतर सगळे म्हणत होते, आता रस्त्यावर चौक्या बसणार, आईच्या कबरीवर फूल ठेवायला कागदपत्रं दाखवावी लागणार. ती सॅमला फोनवर नाही नाही ते बोलली, तोही बोलला. चौक्या काही बसल्या नाहीत. पण बोललेलं तसंच राहिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली.

घर आलं तेव्हा मी उतरून तिच्या बाजूचं दार धरून उभा राहिलो. 

टर्फचं भांडण

दोन दिवसांनी शालन काळजीनं म्हणाली, "अहो, डॉरीनबाई आज ब्रेड घेऊन आल्या आन् रडल्या ओ." गोष्ट अशी होती. डोंगराच्या अंगाला अलीकडच्या बाजूला दलदलीचं माळरान आहे, त्याला बॉग म्हणतात. तिथली काळी, हजारो वर्षं कुजलेल्या गवताची माती विटांसारखी कापून वाळवतात आणि हिवाळाभर शेगडीत जाळतात. तिला टर्फ म्हणतात. डॉरीनच्या वडिलांनी आपल्या वाट्याचा तुकडा मरताना दोघा भावंडांत मधोमध नव्हे, पण एका ठरावीक जागी खुंटी ठोकून वाटून दिला होता. दरवर्षी एक माणूस यंत्र आणून दोघांचंही टर्फ कापायचा. मग कापलेल्या ओल्या विटा उचलून, पाच-सहा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे वारा लागून वाळतात. भांडणानंतर दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं टर्फ उभं करून जात. समोरासमोर यायला नको म्हणून डॉरीन मंगळवारी, सॅम शनिवारी.

या वर्षी यंत्राच्या पात्याखाली ती खुंटीच गेली. काळ्या विटांच्या लांबच लांब ओळी पडून होत्या आणि कुठली ओळ कुणाची हे सांगायला काही उरलं नव्हतं. डॉरीन म्हणाली, त्याच्या एका विटेला हात लावला असं मला ऐकून घ्यायचं नाही. सॅमही तेच म्हणत असणार, कारण तोही शनिवारी फिरकला नव्हता. विटा जमिनीवर आडव्या पडून खालून कुजायला लागल्या होत्या. आठवड्याच्या शेवटी पावसाचा अंदाज होता. तसं झालं असतं तर वर्षाचं टर्फ मातीला मिळालं असतं. तिच्या घरात दुसरी शेगडी नव्हती, आणि दुसरी तिला नकोही होती. बापाच्या बॉगचं टर्फ जळतंय तोवर मी माहेरची आहे, असं ती शालनला म्हणाली होती.

माझ्यातला भूकरमापक जागा झाला. मी म्हणालो, "मी मोजून देतो. पण लगतधारकाला नोटीस दिल्याशिवाय मी टेप उघडत नाही." लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक. आमच्या खात्यात मोजणीच्या आधी त्याला कळवावं लागतं.

"त्याला कशाला? तुम्ही मोजा, मी बघते."

"नाही," मी म्हणालो.

मी कधी कुणाला एवढं ठाम नाही म्हणत नाही, शालनलाही नवल वाटलं. पण याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चंदगड भागात मी एक मोजणी केली होती. लगतधारक रुसून आला नाही. नोटिशीवर छापलेलंच असतं, गैरहजर राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी करण्यात येईल. मी नियमानं केली. हद्द अचूक काढली, बोटभरही चुकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी हद्दीचे दगड विहिरीत सापडले, आणि ती दोन घरं पुढं एकमेकांच्या लग्नालाही गेली नाहीत. तेव्हापासून दोघंही बांधावर उभी राहिल्याशिवाय मी साखळी टाकली नाही. साखळीचं एक टोक एकाच्या हातात द्यायचो, दुसरं दुसऱ्याच्या. साहेब ओरडायचे, एका मोजणीला तीन हेलपाटे घालतोस म्हणून. घालायचो.

मी अनघाच्या टेबलावर बसून नोटीस लिहिली. इंग्रजीतच, पण खात्याच्या मायन्यात. "आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, अर्जदार डॉरीन यांच्या टर्फच्या तुकड्याची मोजणी येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता जागेवर होईल. आपण लगतधारक या नात्याने हजर राहावे." शेवटचं छापील वाक्य मात्र मी बदललं. लिहिलं, "आपण गैरहजर राहिल्यास मोजणी होणार नाही." डॉरीननं ते दोनदा वाचलं आणि गाडीची किल्ली घेतली.

लाल पेटी

आता माझी चूक सांगतो. नोटीस हातोहात बजवायची आणि स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडं ठेवायच्या प्रतीवर, सही घ्यायची, ही आमची पद्धत. त्यामुळं मी डॉरीनच्या शेजारी गाडीत बसलो. ती आडवाटेनं निघाली. दोन्हीकडं झुडपांची कुंपणं, मध्येच एखादी मेंढी रस्त्यात. मी नाका येण्याची वाट बघत होतो. नाका आला की खाली उतरून थांबेन, डॉरीन एकटी पुढं जाईल, असा माझा हिशेब. एका वळणावर रस्त्याकडेची पिवळी रेघ पांढरी झाली, हे मी बघितलं. मनात म्हटलं, पिवळा रंग संपला असेल. पुढं एका गल्लीच्या तोंडाशी पोस्टाची पेटी दिसली, आपल्यासारखी लालबुंद. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी डॉरीनला म्हणालो, "आमच्याकडं अशीच असते." ती "हो का?" म्हणाली आणि गाडी थांबवली. तेच सॅमचं घर.

डॉरीन गाडीतून उतरली नाही. मी एकटा आत गेलो. सॅम गोठ्यात होता. त्यानं चष्मा लावला, नोटीस वाचली, पुन्हा वाचली.

"गैरहजर राहिल्यास मोजणी होणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे मी आलो नाही तर तिचं टर्फ कुजणार?"

"तुमचंही," मी म्हणालो.

 त्यानं खिशातलं पेन काढून माझ्या प्रतीवर सही केली. गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या गाडीकडं त्यानं एकदाच बघितलं. "तिच्या कमरेचं कसं आहे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, ग्रँड. मग म्हणालो, नाही, दुखतं.

संध्याकाळी मी अनघाला सगळं हौसेनं सांगत होतो. लाल पेटीपर्यंत आलो आणि तिच्या हातातला चमचा थांबला.

"बाबा, कुठली लाल पेटी? आयर्लंडमध्ये पेट्या हिरव्या असतात."

मग तिनं गावाचं नाव विचारलं, नकाशा काढला आणि डोक्याला हात लावला. मी नॉर्थमध्ये जाऊन, नोटीस बजावून, सही घेऊन परत आलो होतो.  "नाकाच नव्हता गं," एवढंच मी म्हणत राहिलो. ती कधी नव्हे ती माझ्यावर चिडली. "कुणी विचारलं असतं तर? माझी इथली नोकरी, तुमचा पुढचा व्हिसा, याचा विचार केला?" तिचं बरोबर होतं. चौतीस वर्षं लोकांना त्यांची हद्द दाखवली आणि मला माझ्या पायाखालची दिसली नाही. रात्री जेवण गेलं नाही. शालन म्हणाली, "माणसानं एवढं खालमानेनं बसू नये, तुम्ही काय चोरी केली न्हाई." सकाळी अनघा चहा घेऊन आली आणि आपणहून हसली. म्हणाली, "शुक्रवारी मी सुट्टी घेतलीये. तुम्हाला एकटं सोडणं बरोबर नाही." माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

बॉगवर

शुक्रवार उघडा उजाडला. बॉग म्हणजे सपाट, तपकिरी, पावलाखाली गादीसारखं दबणारं रान. रानगवताची कापसासारखी पांढरी बोंडं वाऱ्यावर डुलत होती. दहाला दहा मिनिटं असताना सॅमची व्हॅन आली. मी हात जोडले. डॉरीन आपल्या बुटांकडं बघत उभी राहिली.

मी कागद मागितले. सॅमनं बापाच्या हातचा एक चतकोर कागद आणला होता. त्यावर पेन्सिलीनं एक पांढरा दगड, एक चर, आणि मध्ये लिहिलेलं, चव्वेचाळीस पावलं. फूट नाही, यार्ड नाही. पावलं. माझी नवीकोरी टेप खिशातच राहिली. मी विचारलं, "कुणाची पावलं?"

"डॅडींची," दोघं एकदम म्हणाली.

"मग चालून दाखवा, ते कसे चालायचे."

सॅम दगडापासून निघाला. उंच माणूस, ढांगा टाकत चव्वेचाळीस मोजले आणि थांबला. डॉरीन पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलली. "एवढ्या ढांगा? डॅडी तुझ्या खांद्याला लागायचे. आणि गुडघ्याचं विसरलास का?"

"तूच चालून दाखव मग."

ती निघाली. एक पाय ओढत, अर्ध्या पावलानं. तिचं लंगडणं बघून सॅमचा चेहरा बदलला. "तसंच," तो म्हणाला, "अगदी तसंच चालायचे." वीस-बावीस पावलांवर तिचा पाय मऊ मातीत रुतला. मी पुढं होणार तोच शालननं माझा शर्ट मागं धरला. सॅमनं जाऊन बहिणीचा कोपर धरला, आणि पुढची पावलं दोघांनी मिळून मोजली. तेवीस, चोवीस, पंचवीस. मोठ्यानं, एका आवाजात, शाळेतल्या पोरांसारखी. चव्वेचाळीसाला ती जिथं थांबली तिथं मी जुन्या फावड्याचा दांडा ठोकला. माझ्या आयुष्यातली ही एकच मोजणी, जिला टेप लागली नाही.

मग काम सुरू झालं. माझा समज होता, आता जो तो आपापलं टर्फ उभं करील. पण कुणी तसं म्हटलंच नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळे ओळीनं वाकलो. आमच्याकडं इर्जिक असते, एकाच्या रानात सगळ्या आळीनं राबायचं आणि जेवण त्याच्या घरचं, तसंच ते. शालनला कुणी शिकवावं लागलं नाही. शेणी थापून त्यांचा हुडवा रचण्यात तिचं बालपण गेलंय. ओल्या विटा कशा टेकवल्या की वारा खेळतो आणि पडत नाहीत, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. तासाभरात सॅम तिच्या मागं उभा राहून बघायला लागला. "या बाईला इथंच ठेवून घ्या," तो अनघाला म्हणाला.

दुपारी फ्लास्कमधला चहा, सॅमचे हॅमचे सँडविच, शालनची थालीपिठं आणि दाण्याची चटणी. त्या गार वाऱ्यात घेतलेल्या चहासारखा चहा मी कधी प्यालो नाही. चटणीनं सॅमच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसरं थालीपीठ मागून घेतलं.

आणि भांडण? ते सबंध दिवस चालू होतं. पण आता मध्ये अध्यक्ष नव्हते.

"जोडलं म्हणजे डॉक्टरकडं गेलं की पैसे मोजायचे," सॅम म्हणायचा. "आमच्याकडं फुकट आहे."

"फुकट आहे, पण नंबर लागेपर्यंत माणूस जातो," डॉरीन म्हणायची. "विचार या डॉक्टरीणबाईला."

अनघा म्हणाली, "मला यात ओढू नका, मी ड्यूटीवर नाहीये."

डॉरीन पुन्हा सॅमकडं वळली. "तू राहायच्या बाजूनं मत कशाला देणार? तुला तुझ्या पार्लमेंटमधल्या त्या शहाण्यांचं काय आहे एवढं?"

"मला त्यांचं काही नाही. मला जे आहे ते माझ्या सवयीचं आहे, डॉरीन. घर बदलायला मी आता म्हातारा आहे."

"घर कुणी बदलायला सांगितलंय? पाटी बदलेल."

"तुझ्यासाठी पाटी. माझ्यासाठी घर."

 तिनं त्याच्या पुढ्यातली एक वाकडी लागलेली वीट काढून नीट टेकवली.

पाचच्या सुमाराला डोंगरावरून ढग उतरले. शेवटची ओळ आम्ही पळापळी करून उभी केली. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी पंचनामा लिहिला, जागेचं वर्णन, खुंटीची खूण, हजर असलेल्यांची नावं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "हद्दीबाबत उभयतांत एकमत झाले. मतदानाबाबत झाले नाही." दोघांनी सह्या केल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. सॅमनं टोपी घातली, "राइट" म्हणाला आणि व्हॅनमध्ये बसून निघून गेला. डॉरीननंही सरळ गाडी सुरू केली. मला जरा वाईटच वाटलं. शालन म्हणाली, "सगळं एका दिवसात पाहिजे व्हय तुम्हाला?"

आठवड्यानं आमचं विमान होतं. निघताना डॉरीननं शालनच्या हातात ताटली दिली, वर ब्रेड. म्हणाली, ही आता तुमच्याकडंच राहू द्या, रिकामी परत करायची नाही म्हणजे तुम्हाला यावं लागेल. शालन आणि ती दारात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी सामान मोजण्याचं निमित्त काढून तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायची मला सवय नाही.

गडहिंग्लज

गेल्या आठवड्यात पोस्टमन एक लांबट पाकीट देऊन गेला. पत्ता डॉरीनच्या अक्षरात, तिचा तो ताठ, उभा हात मी कुठंही ओळखीन. तिकीट बघून मात्र मी चष्मा पुसला. तिकिटावर ब्रिटनच्या राजाचं डोकं. म्हणजे हे पत्र लेटरकेनीच्या हिरव्या पेटीत पडलेलं नव्हतं. ते पलीकडं, सॅमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाल पेटीत पडलं होतं. म्हणजे ती बाई त्या गल्लीत पोचली होती, आणि या वेळी गाडीतून उतरली होती.

आत माझ्याच मायन्यात लिहिलेला एक कागद. अक्षर डॉरीनचं.

"आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, येत्या वर्षीचे टर्फ जून महिन्यात उभे करावयाचे आहे. आईच्या कबरीवर गुलाब लावावयाचा आहे, तो आम्ही त्याच आठवड्यात लावू. मतदानाबाबत उभयतांत अद्याप एकमत नाही. आपण व आपल्या पत्नी यांनी लगतधारक या नात्याने हजर राहावे. आपण गैरहजर राहिल्यास टर्फ उभे केले जाणार नाही."

खाली दोन सह्या. एक ताठ, एक वाकडीतिकडी, एकाच ओळीत. सोबत दुसरी प्रत, माझ्या सहीसाठी.

आयुष्यभर मी लोकांकडून अशा प्रतींवर सह्या घेतल्या. माझ्यावर कुणी नोटीस बजावली नव्हती. आमच्या दोन्ही बाजूंना शेजारी आहेत, पण पाच हजार मैलांवर कुणाचा तरी लगतधारक असावं, हे काही माझ्या खात्यात बसणारं नाही. मी सही केली. शालननं कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "जून म्हणजे कधी जायचं?" आणि डब्यातून शेंगदाणे काढायला गेली, जसं काही उद्याच निघायचं होतं.

मी अनघाला फोन लावला. म्हटलं, "या वेळी व्हिसा दोन्हीकडं चालेल असा काढ."